बाहेरचं नको

"मागच्या दोन दिवसांत काय काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नमिताला धड बोलायचंही त्राण नव्हतं. पहाटेपासून उलट्या आणि जुलाबांनी तिचं पार चिपाड झालं होतं. निमेशने, तिच्या नवऱ्याने, तिला कशीबशी रिक्षात बसवून पार्ल्यातल्या जवळच्या नर्सिंग होममध्ये आणलं होतं. हाताला सलाईन लावलेलं, ओठ सुकलेले. तिने डोळे मिटूनच आठवलं.

घरची मटकीची उसळ. ती आदल्या दिवशीची होती, सासूबाईंनी गरम करून वाढली होती. स्टेशनजवळच्या गाडीवरचं कापून ठेवलेलं कलिंगड. आणि लॅबमध्ये दीप्तीने आणलेली खीर.

"खीर केव्हाची?"

"सकाळी केलेली. आम्ही दुपारी खाल्ली."

"मे महिन्यात दुधाचे पदार्थ फार टिकत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "अर्थात, नक्की असं सांगता येत नाही. कशानेही होऊ शकतं."

यातलं पहिलं वाक्य नमिताच्या मनात जाऊन बसलं. दुसरं तिने ऐकलंच नाही म्हणा ना.

घरी आल्यावर सासूबाईंनी तांदळाची पेज केली. नमिताने पहिला चमचा तोंडात घेतला आणि ती पोटाकडे कान लावून बसली. काही झालं नाही तसा दुसरा घेतला. आयुष्यभर जेवताना तिने कधी एवढा विचार केला नव्हता. आता मात्र घास गळ्याखाली उतरवताना आपण दाराबाहेरच्या अनोळखी माणसाला घरात घेतोय असं तिला वाटायचं. दूध ती आधी हुंगून बघायची. दह्याच्या पिशवीवरची तारीख वाचायची, मग चष्मा लावून परत वाचायची. धुतलेली ताटली पुन्हा धुवायची.

"हे कधीचं?" असं तिने सासूबाईंना दोनतीनदा विचारलं, तेव्हा त्या फणकारल्या.

"माझ्या हातचं खाऊन कोणी आजारी पडलं नाही आजवर. मी आणि निमेशनेपण तीच उसळ खाल्ली. आम्हाला काही झालं?"

ते खरं होतं. आणि खरं नसतं तरी त्या घरात राहून उसळीला दोष देणं नमिताला जमलं नसतं. कलिंगड तिने स्वतःच्या हौसेने खाल्लं होतं. खिरीवर आळ घेणं सोपं होतं, कारण खीर त्या घरातली नव्हती.

"कशाला खायचं त्यांच्याकडचं?" सासूबाई पेजेत मीठ ढवळत म्हणाल्या. "कसल्या पाण्यात करतात, कसली भांडी असतात, आपल्याला काय ठाऊक."

'त्यांच्याकडचं' हा शब्द नमिताला टोचला. "तसं काही नाही हो, आई," ती म्हणाली. पण ते इतक्या हळू, की सासूबाईंना ऐकू आलं नसेल. आणि आलं असेल तरी त्यात दम नव्हता.

दीप्ती जोगेश्वरीला राहायची, पूर्वेला, लेण्यांच्या मागच्या वस्तीत. मूळचे ते लोक बुलढाण्याकडचे. अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दातांच्या कवळ्या बनवणारी कृणालसरांची लॅब होती, तिथे दोघी कितीतरी वर्षं एकत्र काम करत होत्या. दीप्ती मेणावर दात बसवायची. समोरचा दात अर्धा मिलिमीटर पुढे गेला तर अख्खा चेहरा बदलतो हे तिला बोटांनी कळायचं. तयार कवळ्या तपासून डॉक्टरांकडे रवाना करणं हे नमिताचं काम. दुपारी पॅकिंगच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं, विनिता, शर्मिष्ठा, सगळ्यांचे डबे मध्ये उघडायचे आणि कोणाचा हात कोणाच्या डब्यात जातोय ते बघायचं नाही, अशी तिथली रीत. बुद्धपौर्णिमेला दीप्ती दरवर्षी खीर आणायची. वेलची जास्त घातलेली, घट्ट. नमिता दरवर्षी दुसऱ्यांदा मागून घ्यायची. यंदाही घेतली होती.

नमिता घरी आली त्याच संध्याकाळी दीप्तीचा फोन आला.

"काय गं, काय झालं? कृणालसर म्हणाले सलाईन लावलंय."

"हो गं. पोट बिघडलं. आता बरंय."

"खिरीने तर नाही ना? आमच्याकडे सगळ्यांनी खाल्ली, पोरांनीपण. कोणाला काही नाही. विनिता, शर्मिष्ठापण ठीक आहेत, मी विचारलं."

"छे गं. बाहेरचं काहीतरी असेल," नमिता म्हणाली.

फोन ठेवला आणि तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी खिरीचं नाव काढलं नव्हतं, मग हिने का काढलं? विनिताला आणि शर्मिष्ठाला फोन करून विचारायची गरज का पडली? सकाळी लाइट गेली असेल. दूध आदल्या दिवशीचं असेल. डबा बसमध्ये उन्हात राहिला असेल आणि ते तिला माहीत असेल. काळजीने केलेला फोन नमिताच्या मनात रात्रीपर्यंत पुरावा होऊन बसला.

कामावर रुजू झाली तेव्हा तिने मुगाची पातळ खिचडी आणि उकळून गार केलेलं पाणी बरोबर नेलं. सगळ्यांनी विचारपूस केली. कृणालसरांनी खुर्ची फॅनखाली ओढून दिली. मग डबे उघडले.

"पण झालं कशाने?" विनिताने विचारलं. ही पॅकिंग बघायची; तोंडाने फटकळ, मनाने वाईट नाही. "खीर का गं?"

दीप्ती हात धुवायला बेसिनपाशी गेली होती. नळ चालू होता. नमिताला 'नाही' म्हणता आलं असतं. फोनवर म्हणाली होतीच की ती.

"डॉक्टर म्हणाले, दुधाचं काहीतरी असेल," ती म्हणाली.

विनिताने भुवया वर केल्या आणि आपला डबा थोडा स्वतःकडे ओढून घेतला. कुणाच्या लक्षातही येऊ नये इतका थोडा.

दीप्ती येऊन बसली. तिने मेथीची सुकी भाजी आणली होती. सवयीने तिने डबा नमितापुढे सरकवला. "मेथी आहे. पोटाला काही होणार नाही हिने."

"नको गं. डॉक्टरांनी बाहेरचं नको म्हटलंय."

दीप्तीचा हात डब्यावरच थांबला. "बाहेरचं," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, नुसतंच म्हणाली. मग डबा परत ओढून जेवायला लागली. विनिताने त्या दिवशी मेथी घेतली नाही. शर्मिष्ठाने एक घास घेतला, तोही विनिताकडे बघत.

पुढचे काही दिवस नमिता आपली खिचडी आणि ताक घेऊन बसत राहिली. दीप्तीने एकदाही डबा पुढे केला नाही. मग एके दुपारी ती टेबलावर आलीच नाही. तिच्या कामाच्या जागेपाशीच, मेण वितळवायचा दिवा बाजूला सारून, पाठ करून जेवत बसली.

"काम आहे," विचारल्यावर म्हणाली.

नमिताला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याचा रागही आला. त्यात संशयाने दुसरं वळण घेतलं. दीप्ती शर्मिष्ठाशी बोलताना ती आत आली की दोघी गप्प होतात का? आपण बोललो ते दीप्तीला कळलंय का? नळाचा आवाज तेवढा मोठा होता का? ती कवळ्या तपासत असायची आणि कान मात्र दीप्तीच्या टेबलाकडे असायचे.

अशात पार्ल्याच्या त्यांच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या घरातली दोन माणसं उलट्यांनी आडवी झाली. मग तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी. सेक्रेटरीने प्लंबर बोलावला. जमिनीखालच्या टाकीला तडा गेला होता आणि शेजारच्या गटाराचं पाणी त्यातून झिरपत होतं. केव्हापासून, ते कोणालाच सांगता येईना. टाकी उपसली, घासली, औषध टाकलं. जिन्यात आठवडाभर क्लोरीनचा वास होता.

"म्हणजे पाणीच होतं की," निमेश म्हणाला.

"तेच पाणी आपणपण प्यायलो. आपल्याला कुठे काय झालं?" सासूबाईंनी हार मानली नाही. "दोन्हीपण असेल. पाणी आणि खीर."

नमिताने गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं. पाणी ती उकळून पीतच होती, आता जास्त वेळ उकळायला लागली. पण दीप्तीच्या डब्याची आठवण आली की अजून घशाशी काहीतरी अडायचं. पाण्याचं कळल्यावर ते जायला हवं होतं. गेलं नाही.

तब्येत मात्र सुधारली. भूक लागायला लागली, आणि ती कशी, तर खिचडी बघूनच कंटाळा यावा अशी. एका संध्याकाळी लॅब सुटल्यावर विनिता म्हणाली, "चल, डोसा खाऊ. किती दिवस आजाऱ्यासारखी राहणार आहेस?" इस्टेटच्या फाटकाबाहेर गाडी लागते. तव्यावर चरचर, लोण्याचा वास. नमिताच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने मसाला डोसा घेतला. पहिला घास घेतला तेव्हा जरा थबकली, पण मग बटाटा, चटणी, सगळं एकापाठोपाठ एक जात राहिलं. कितीतरी दिवसांनी तिला जेवताना सुख वाटलं. बोटं चाटत तिने चटणी परत मागितली.

"बरं झालं वाटतं पोट."

दीप्ती फाटकातून बाहेर आली होती, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. बसस्टॉपवर जायची तिची वाट तिथूनच होती.

"हो... म्हणजे थोडं थोडं खातेय," नमिता म्हणाली. ताटलीत चटणी पसरलेली होती.

दीप्तीने ताटलीकडे बघितलं. मग डोसेवाल्याच्या पायाशी ठेवलेल्या बादलीकडे, ज्यात तो ताटल्या बुचकळून काढत होता. मग नमिताकडे.

"चांगलंय," ती म्हणाली आणि निघून गेली.

विनिता काहीतरी बोलत होती. नमिताला उरलेला डोसा गिळवेना. त्या बादलीतलं पाणी कुठलं, हे तिने विचारलं नव्हतं. बटाटा कधी उकडला, चटणीतलं खोबरं केव्हाचं, कोणी वाटलं, काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. दह्याच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारी बाई ती.

घरी येऊन ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. आपण दीप्तीला काय म्हणून टाळलं, हे तिने स्वतःला विचारलं. आजारपण म्हणून? मग डोसा कसा गेला? खीर म्हणून? मेथीत कुठलं दूध होतं? उत्तर जवळ आलं की ती बाजूला सरकत होती, आणि ते पुन्हा समोर येत होतं. सासूबाईंनी एक शब्द उच्चारला होता. तो तिला टोचला होता, हे खरं. पण तिने तो बाहेर फेकला नव्हता. आत ठेवून घेतला होता.

जेवताना सासूबाई शेजारणीला फोनवर सांगत होत्या, "अगं, ऑफिसातल्या कुणाची तरी खीर खाल्ली हिने..."

त्यांनी फोन ठेवल्यावर नमिता म्हणाली, "आई, खिरीचं नाव आता काढू नका. टाकीत गटाराचं पाणी होतं. आणि पाणी नसतं तरी तुम्ही म्हणालात तसं बोलायचं नाही."

"मी काय म्हणाले?"

"त्यांच्याकडचं, म्हणालात."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. निमेश ताटात बघत राहिला. जेवण तसंच संपलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नमिता आपला डबा घेऊन दीप्तीच्या टेबलापाशी गेली.

"बसू?"

"खुर्ची काय माझी आहे? लॅबची आहे."

नमिता बसली. "दीप्ती, तुझी भाजी दे ना थोडी."

"का?"

"खायचीय म्हणून."

"नको," दीप्ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "काल मी बघितलं म्हणून आज तुला खायचीय. खाऊन दाखवायचं असेल तर माझ्या डब्यातलं नको. माझा डबा त्यासाठी नाही."

"तसं नव्हतं गं."

"मग कसं होतं ते सांग. मी ऐकते."

नमिताने तोंड उघडलं. डॉक्टर, पेज, पाणी, टाकी, सगळं तिच्याकडे तयार होतं. पण त्यातलं काहीच पुरेसं नव्हतं.

"मला नीट सांगता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "सासूबाई बोलल्या ते मी ऐकून घेतलं. विनिताने खिरीचं विचारलं तेव्हा नाही म्हटलं नाही. तुला फोनवर एक सांगितलं, इथे दुसरं."

"ते ऐकलं मी. नळ काही एवढा मोठा नव्हता." दीप्तीने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "तरी थांबले. म्हटलं, आजारी माणूस घाबरतो. माझी पोरगीपण काविळीनंतर वर्षभर गाडीवरचा उसाचा रस बघून पळायची. पण मग तू रस्त्यावर उभी राहून डोसा खाल्लास. माझी आई अंधेरीत एका ऑफिसात साफसफाईला होती. तिचा कप वेगळा ठेवलेला असायचा, खिडकीत. ती कधी बोलली नाही. घरी येऊन चहा मात्र दोन कप प्यायची. मी तिच्यासारखी गप्प बसणारी नाही, एवढंच."

नमिताच्या डोळ्यांत पाणी आलं. दीप्तीने ते बघितलं आणि तिला ते आवडलं नाही.

"रडू नको. मला तुझी समजूत घालायला वेळ नाही. विनिताला जे बोललीस ते निस्तर आधी."

नमिता उठून पॅकिंगच्या टेबलापाशी गेली. विनिता आणि शर्मिष्ठा लिंबाच्या लोणच्यावरून काहीतरी हसत होत्या.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी आजारी पडले त्याचा दीप्तीच्या खिरीशी संबंध आहे, असं मी तुम्हाला वाटू दिलं. आमच्या टाकीत गटार झिरपत होतं. ते कळूनही मी इथे सांगितलं नाही. चूक झाली."

"अगं, पण मी कुठे काय म्हटलं?" विनिता म्हणाली.

"तू म्हटलं नाहीस. मी म्हटलं."

विनिता गोरीमोरी झाली. शर्मिष्ठा आपल्या डब्याकडे बघत राहिली. कृणालसर दारातून डोकावले आणि तसेच मागे गेले.

एवढ्याने सगळं पूर्वीसारखं झालं, असं नाही. दीप्ती काही दिवसांनी टेबलावर परत आली, पण डबा स्वतःपुढेच ठेवायची. नमिताने एकदा थालीपीठ आणलं, मुद्दाम जास्त. "पोट भरलंय," दीप्ती म्हणाली, आणि तिने ते खरोखर हुंगल्यासारखं बघितलं. आता संशय तिच्याकडे होता. नमिता गोड बोलली की दीप्ती सावध व्हायची. नमिताला ते जाणवायचं. तक्रार करायचा हक्क नव्हता, म्हणून ती रोज शेजारी बसून आपला डबा खायची आणि लॅबमधल्या कामाचं बोलायची. एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी तीनदा परत आली होती. त्यांना समोरच्या दातांमधली फट हवी होती, तरुणपणी होती तशी. त्या फटीवरून दोघींचं बऱ्याच दिवसांनी नीट बोलणं झालं. दीप्तीने ती फट इतकी अचूक सोडली, की ते गृहस्थ आरसा खाली ठेवेनात, असं त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर कळवलं.

मग श्रावण संपता संपता एका दुपारी दीप्तीने डबा उघडला. पिठलं आणि ज्वारीची भाकरी. तिने एक भाकरी मोडली, अर्धी झाकणावर ठेवली, वर पिठलं घातलं आणि झाकण मध्ये सरकवलं. अगदी नमितापुढे नाही, मध्ये.

"खाणार?"

नमिताचा हात निघाला आणि थांबला. तिचा तिलाच राग आला. पण थांबला तो थांबलाच, आणि दीप्तीने ते बघितलंही.

"विचार काय विचारायचं ते," दीप्ती म्हणाली. "मनात ठेवून खाऊ नको."

"कधी केलंस?"

"सकाळी निघायच्या आधी. पाणी नळाचं. उकळलेलं नाही. मिरच्या मी स्वतः खुडल्या. अजून?"

"काही नाही."

नमिताने घास घेतला. पिठलं जबरदस्त तिखट होतं, कान गरम झाले. ती खात राहिली. विनिताने बघितलं आणि तीही हात पुढे करून एक तुकडा घेऊन गेली. दीप्तीने तिला अडवलं नाही.

दुपारी नमिताचं पोट गुरगुरलं. कवळ्या घासायचं मशीन बंद होतं, त्यामुळे सगळ्या खोलीत ऐकू गेलं. दीप्तीने मेणातून मान वर केली आणि एकटक बघितलं. संध्याकाळपर्यंत ती मधून मधून तशीच बघत होती, जणू कवळी तोंडात नीट बसते की नाही ते तपासतेय. नमितापण आतल्या आत पोटाचा अंदाज घेत होती. निघताना दीप्ती एवढंच म्हणाली, "उद्या कामावर ये म्हणजे झालं."

सकाळी उठल्यावर छातीत जळजळत होतं. नमिता पलंगावर बसून राहिली. जुनी भीती वर आली, जुना शब्दही आला. सासूबाईंनी तिचा चेहरा बघितला.

"काय झालं? काल काय खाल्लंस?"

"पिठलं. तिखट होतं," नमिता म्हणाली, आणि आंघोळीला गेली.

लॅबमध्ये दीप्ती आधीच येऊन बसली होती. तिने नमिताला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कसं आहे?"

काही नाही, मस्त, असं म्हणणं सोपं होतं. "जळजळतंय," नमिता म्हणाली. "मिरच्यांनी. बाकी काही नाही."

दीप्तीने दिवा पेटवला आणि मेणाची पट्टी त्यावर धरली.

"मिरच्या मी कमी करणार नाही," ती म्हणाली. "तू तूप घेऊन ये."